मं. ओ. पार्थसारथी अय्यंगार

मंडयम ओसुरी पार्थसारथी अय्यंगार (१५ डिसेंबर, १८८६ – १० डिसेंबर, १९६३) हे भारतीय वनस्पतिशास्त्रज्ञ होते. भारतातील शैवलविज्ञानाचे जनक म्हणून ते ओळखले जातात.

अय्यंगार यांचा जन्म मद्रास येथे झाला. तेथील प्रेसिडेन्सी महाविद्यालयातून १९०९ साली एम.ए. झाल्यावर त्यांनी काही काळ शासकीय संग्रहालयात, नंतर सैदापेठच्या शिक्षक महाविद्यालयात काम केले. १९२० साली ते प्रेसिडेन्सीत वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९३० मध्ये, म्हणजे चाळिशी उलटल्यावर, ते लंडनच्या क्वीन मेरी महाविद्यालयात प्रा. फ्रिश यांच्याकडे संशोधनासाठी गेले व पीएच.डी. मिळवून परतले. कशाभिकांच्या साहाय्याने पोहणारी व्हॉल्व्हॉक्स कुळातील हिरवी शैवले हा त्यांचा आवडीचा विषय. त्यावरील त्यांचा व शिष्य देशिकाचारी यांचा ग्रंथ अय्यंगारांच्या मृत्यूनंतर, १९८१ साली प्रसिद्ध झाला.

त्यांचे नाव सर्वाधिक जोडले गेले ते फ्रिश्चिएला ट्यूबरोझा या शैवलाशी. १९३२ साली त्यांनी या प्रजातीचे वर्णन करून तिला गुरूचे नाव दिले. खानदेशात उन्हाळ्याच्या तोंडावर तळी आटतात आणि काठचा ओला गाळ उघडा पडतो. हे शैवल अशाच गाळावर वाढते. त्याला जमिनीत रुतणारे मूलाभ आहेत, मातीतला आडवा पेशीसमूह आहे आणि वर येणारे उभे तंतूही आहेत. या रचनेमुळे भूवनस्पतींचे पूर्वज असेच असावेत, असे अनेक अभ्यासकांना वाटू लागले.

या मताचा निकाल मात्र साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणाऱ्या भागावर लागला. शैवलांच्या पोहणाऱ्या पेशीत कशाभिकांच्या बुडाशी सूक्ष्मनलिकांचे पट्टे असतात. त्यांना कशाभिका-मुळे म्हणतात. भूवनस्पतींच्या जवळच्या शैवलांत त्यांपैकी एक पट्टा रुंद व एकाच बाजूला असतो. मेल्कोनियन यांनी १९७५ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फ्रिश्चिएलाचे चलबीजाणू तपासले, तेव्हा ही मुळे फुलीसारखी चार दिशांना पसरलेली आढळली. त्यामुळे हे शैवल हिरव्या शैवलांच्या वेगळ्याच शाखेत जाते. भूवनस्पतींशी असलेले त्याचे साम्य जमिनीवर राहिल्याने स्वतंत्रपणे आलेले ठरते. अशाच मुळांतील रेषांकित तंतूंत, टेट्रासेल्मिस या शैवलात, १९८४ साली कॅल्शियममुळे आकुंचन पावणारे प्रथिन सापडले. ते आज सेंट्रिन या नावाने माणसाच्या पेशींतही ओळखले जाते.

अय्यंगारांचे मूळ वर्णन या शोधांनी चुकीचे ठरले नाही, बदलला तो त्यावरून काढलेला अर्थ. आडव्या व उभ्या अशा दुहेरी देहरचनेचे उदाहरण म्हणून फ्रिश्चिएला पाठ्यपुस्तकांत अजूनही शिकवले जाते.