अंध ऑयलर आणि एक मोठी संख्या

लिओनार्ड ऑयलर हा थोर गणिती स्वित्झर्लंडांतील बाझल शहरीं इ. स. १७०७ च्या एप्रिल महिन्याच्या १५ व्या तारखेस जन्मला. बाप धर्मोपदेशक, मुलानेंही तोच पेशा पत्करावा ही त्याची इच्छा. परंतु योहान बर्नुली ह्या नामांकित गणित्यानें मुलाची बुद्धि ओळखिली व दर शनिवारीं तो त्याच्या अडलेल्या शंकांचें निरसन करूं लागला. अखेरीस बापानें हट्ट सोडिला. १७२७ त ऑयलर रशियांतील पीटर्सबर्गच्या विद्वत्सभेंत गेला, १७४१ त बर्लिनला, आणि १७६६ त पुनः पीटर्सबर्गला परतला.

उजव्या डोळ्याची दृष्टि १७३८ च्या सुमारास गेली होती. परत आल्यावर डाव्यांतही मोतीबिंदु वाढला. १७७१ त शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसूं लागलें, आणि तेंही सुख लौकरच मावळलें. त्याच वर्षीं शहरांत मोठी आग लागून त्याचें घर जळालें. पेटर ग्रिम नांवाच्या, बाझलच्याच एका कारागिरानें त्याला उचलून बाहेर आणिलें म्हणून तो वांचला.

अशा माणसानें पुढच्याच वर्षीं काय हातीं घ्यावें? २ हा अंक एकतीस वेळां मांडून गुणाकार केला व त्यांतून १ वजा केला, तर २,१४,७४,८३,६४७ ही संख्या येते. ती अविभाज्य आहे, असें मेर्सेन ह्या फ्रेंच संन्याशानें १६४४ त लिहून ठेविलें होतें. सिद्धता मात्र दिली नव्हती, आणि त्याच्या यादींतील कांहीं संख्या पुढें चुकीच्याही ठरल्या.

विद्यार्थी म्हणेल, भागून पाहावें! खरें, पण हिचें वर्गमूळ ४६,३४० हून किंचित् अधिक, आणि तेथपर्यंत अविभाज्य संख्या आहेत ४,७९२. एवढे भागाकार डोळसालाही नकोसे होतील. ऑयलरनें आधीं भाजकाचें रूप शोधिलें. लहान उदाहरण घ्या: अकरा वेळां २ मांडून हीच रीत केली तर २,०४७ येतात, म्हणजे २३ गुणिलें ८९. ह्या दोहोंतून १ वजा करा. २२ व ८८ उरतात, आणि दोहोंसही २२ नें, म्हणजे अकराच्या दुपटीनें, भाग जातो. हा योगायोग नव्हे, नियम आहे. तेव्हां एकतीसच्या बाबतींत ६२ नें भाग गेला पाहिजे. ह्याला आणखी एका नियमाची जोड दिली कीं भाजकास २४८ नें भागून बाकी १ किंवा ६३ च उरावी असें ठरतें. अशा संख्या पावणेचारशेहून कमी. त्यांतील अविभाज्य तेवढ्याच घेतल्या तर शंभराच्याही आंत! ६३ गळाली, २४९ गळाली, पहिला भागाकार ३११ चा. एकीनेंही निःशेष भाग जाईना. मेर्सेनचें म्हणणें खरें ठरलें, व १७७२ त ऑयलरनें तें बर्लिनला आपल्या गुरूच्या नातवास कळविलें.

१७७३ त त्याची पत्नी वारली. तो तोंडानें सांगे, मुलगा व साहाय्यक लिहून घेत, आणि ग्रंथरचना शेवटपर्यंत चाललीच. १७८३ च्या सप्टेंबरच्या १८ तारखेस त्याचा अंत झाला.

ती संख्या ऐंशींहून अधिक वर्षें ज्ञात अविभाज्यांत सर्वांत मोठी राहिली. हिच्यापासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येहून मोठी परिपूर्ण संख्या कोणास सांपडणार नाहीं, असें बार्लो ह्या इंग्रज गणित्यानें १८११ त भाकीत केलें. १८७६ त ल्युका ह्या फ्रेंच गणित्यानें एकोणचाळीस अंकी अविभाज्य संख्या सिद्ध करून दाखविली.