हेडफोन त्यानं स्वयंपाकघरात बनवले, नौदलाला विकले आणि शेवटी तुरुंगात गेला

आत्ता हे वाचतानाही तुमच्या कानात काहीतरी खुपसलेलं असण्याची शक्यता आहे. लोकलमध्ये उभे असाल तर नक्कीच. कानातल्या या वस्तूवर आपण दोन-चारशे रुपयांपासून पंचवीस हजारांपर्यंत कितीही खर्च करतो, पण ती पहिल्यांदा नीट चालेल अशी कुणी बनवली हे विचारलं तर बहुतेक जण कुठल्यातरी मोठ्या कंपनीचं नाव घेतील.

ते काम केलं नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या माणसानं. अमेरिकेतल्या यूटा राज्यात, घरच्या स्वयंपाकघरात.

हेडफोन ही कल्पना काही त्याची नव्हे, हे आधीच सांगून टाकू. १८८० च्या दशकात अमेरिकेत टेलिफोन ऑपरेटरांसाठी एझरा गिलिलँडनं खांद्यावर ठेवायचं एक प्रकरण बनवलं होतं. वजन साडेचार किलोच्या आसपास, आणि आवाज एकाच कानात. १८९१ मध्ये अर्नेस्ट मर्केडियर या फ्रेंच इंजिनिअरनं जेमतेम ५० ग्रॅम वजनाचे, कानात घालायचे आणि टोकाला रबर असलेले रिसीव्हर पेटंट केले. म्हणजे आजच्या इअरफोनचे आजोबाच. पुढे लंडनमध्ये वर्गणी भरून घरबसल्या नाटक आणि ऑपेरा ऐकायची सोयही झाली. लोक डॉक्टरच्या स्टेथोस्कोपसारखी एक दांडी हनुवटीखाली धरून ऐकत बसायचे.

हे सगळं होतं, पण आवाज बारीकच यायचा. बाल्डविनची गोष्ट तिथून सुरू होते.

त्याचा जन्म १८७८ चा, यूटातल्या फिलमोर या लहानशा गावातला. घरचे मॉर्मन. यूटा म्हणजे मॉर्मन पंथाचं घरच म्हणा. पोरगा लहानपणापासून काहीबाही जोडत-तोडत बसणारा. प्रोव्होच्या ब्रिगहॅम यंग अकॅडमीत शिकला, थेट कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डपर्यंत जाऊन विजेचा अभ्यास करून आला आणि परत अकॅडमीतच भौतिकशास्त्र शिकवायला लागला.

इथं थोडं थांबावं लागेल, कारण पुढचा सगळा घोळ या एका मुद्द्यात आहे. मॉर्मन पंथात पूर्वी एका पुरुषानं अनेक बायका करायला धर्माची मान्यता होती. अमेरिकन सरकारनं कायद्याचा बडगा उगारला, मालमत्ता जप्त करायला सुरुवात केली, आणि १८९० मध्ये चर्चनं ही प्रथा थांबवत असल्याचं जाहीर केलं. यूटाला राज्याचा दर्जा मिळाला तो त्यानंतर, १८९६ मध्ये. पण पंथातल्या काहींना वाटत राहिलं की देवानं सांगितलेली गोष्ट सरकारच्या दबावाखाली सोडणं बरोबर नाही. बाल्डविन या लोकांच्या बाजूचा होता. मतं लपवून ठेवणं त्याला जमलं नाही आणि शिकवण्याची नोकरी गेली.

मग तो सॉल्ट लेक सिटीजवळच्या मिल क्रीकच्या दरीत, एका जलविद्युत केंद्रात कामाला लागला. डोंगरातलं ठिकाण, माणसांची वर्दळ नाही, हाताशी वीज आणि वेळ दोन्ही.

सॉल्ट लेक सिटीत मॉर्मनांचं टॅबर्नॅकल नावाचं प्रचंड सभागृह आहे, १८६७ मध्ये बांधून झालेलं. टाचणी पडली तरी ऐकू येते म्हणून आजही पर्यटकांना तिथं टाचणी टाकून दाखवतात. बाल्डविनला मात्र तिथं प्रवचन नीट ऐकू यायचं नाही. आवाज मोठा करायचं काहीतरी यंत्र बनवावं या नादाला तो लागला तो तिथून, असं सांगतात.

त्यानं नेमकं केलं काय?

तेव्हाच्या टेलिफोन रिसीव्हरमध्ये लोखंडाची एक पातळ चकती असायची आणि तिच्यामागे चुंबक. तारेतून विजेचा प्रवाह आला की चुंबकाची ओढ कमी-जास्त व्हायची, चकती थरथरायची आणि आवाज व्हायचा. अडचण अशी, की चुंबक चकतीला कायमच स्वतःकडे ओढून धरायचा. आधीच ताणलेली चकती लहानशा प्रवाहानं कितीशी हलणार?

बाल्डविननं चकतीवरचा हा ताणच काढून टाकला. त्यानं लोखंडाची एक बारीक पट्टी चुंबकाच्या टोकांच्या बरोबर मध्ये टेकवली, अशी की दोन्ही बाजूंची ओढ सारखी. किराणा दुकानातला तराजू आठवा. दोन्ही पारडी सारखी असली की चिमूटभर साखरेनंही तो कलतो. तसंच इथं. तारेतून अगदी किंचित प्रवाह आला तरी पट्टी एका बाजूला झुकायची. एका बारीक काडीनं ती अभ्रकाच्या पातळ पडद्याला जोडलेली, त्यामुळे पट्टी हलली की पडदा हलणार. भोवती गुंडाळलेली तांब्याची तार इतकी बारीक, की एकेका कानाच्या डबीत जवळपास मैलभर तार मावायची.

हे कशासाठी एवढं महत्त्वाचं? कारण तेव्हा नुकताच आलेला बिनतारी संदेश. जहाजावरच्या ऑपरेटरला शेकडो मैलांवरून येणारी टकटक ऐकावी लागायची, आणि ती मोठी करणारं वापरण्याजोगं ॲम्प्लिफायर अजून हातात नव्हतं. अँटेनानं जेवढी ऊर्जा पकडली तेवढीच कानापर्यंत येणार. म्हणजे रिसीव्हर जितका संवेदनशील तितक्या लांबचं जहाज ऐकू येणार. बुडत्या जहाजाची हाक असेल तर हा फरक म्हणजे माणसांचे जीव.

१९१० मध्ये रिसीव्हरचं पेटंट मिळालं. त्याच सुमाराला अमेरिकन नौदलाच्या कचेरीत एक पत्र पोचलं. निळ्या आणि गुलाबी कागदावर, जांभळ्या शाईनं लिहिलेलं, सोबत तपासणीसाठी हेडफोन. असल्या पत्रांचं सरकारी कचेरीत काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. पण हेपबर्न नावाच्या अधिकाऱ्यानं ते केराच्या टोपलीत न टाकता हेडफोन लावून बघितले. माझ्या मते या गोष्टीतला अर्धा मान या अधिकाऱ्याचा. नौदल वापरत होतं त्या रिसीव्हरपेक्षा हा कितीतरी चांगला निघाला.

नौदलानं मागणी नोंदवायचं ठरवलं तेव्हा कळलं, की हा गृहस्थ एका वेळी फक्त दहाच नग देऊ शकतो. कारण कारखाना वगैरे काही नव्हताच, स्वयंपाकघरात बसून तो एकेक जोडत होता.

नौदलाची आणखी एक तक्रार होती. तासन्‌तास डोक्यावर ठेवायचं तर पट्टा सोयीचा हवा. बाल्डविननं चामड्यानं मढवलेल्या दोन तारा वापरून नवा पट्टा बनवला. कानाच्या डब्या त्यावर वर-खाली सरकवता येत होत्या आणि वळतही होत्या, म्हणजे डोकं लहान असो की मोठं, डबी कानावर नीट बसणार. सगळं मिळून वजन अर्ध्या किलोच्या आत. तुमच्या घरी डोक्यावरून घालायचा हेडफोन असेल तर काढून बघा, सरकणारी दांडी आणि फिरणारी डबी आजही तशीच आहे.

या पट्ट्याचंही पेटंट घ्या, असं नौदलाकडून सुचवण्यात आलं. बाल्डविनला ते फारच किरकोळ वाटलं. त्यानं घेतलं नाही. शंभर वर्षांत किती कोटी हेडफोनना हा पट्टा लागला असेल याचा हिशेब करायला बसू नका, झोप लागणार नाही.

पूर्वेकडच्या मोठ्या शहरात जाऊन कारखाना काढण्यापेक्षा तो यूटातच राहिला. सॉल्ट लेक सिटीच्या कडेला ईस्ट मिल क्रीक भागात आधी लहानशी कार्यशाळा, मग इमारत. पहिलं महायुद्ध आलं आणि मागणी वाढली. युद्ध संपलं तर १९२० पासून सार्वजनिक रेडिओ केंद्रं सुरू झाली. घरोघरी लोक क्रिस्टल सेट जोडायला लागले. या सेटला बॅटरीसुद्धा लागत नसे, त्यामुळे ऐकायला संवेदनशील हेडफोन हवाच. १९२२ मध्ये बाल्डविनच्या कारखान्यात दीडशेच्या आसपास माणसं कामाला होती. लाउडस्पीकरही निघत होते. कामगारांसाठी आजूबाजूला घरं उठली.

कामगार कोण? इथं जुना मुद्दा परत येतो. बहुपत्नीत्व सोडायला तयार नसलेल्यांना चर्च बाहेर काढत होतं, समाजात कुणी उभं करत नव्हतं. बाल्डविननं त्यांना नोकऱ्या दिल्या, पैसा दिला, कारखान्यातच त्यांच्या धर्मचर्चा भरायच्या. जॉन बार्लो, जोसेफ मसर अशी पुढे मॉर्मन मूलतत्त्ववादी चळवळीचे नेते म्हणून ओळखली गेलेली माणसं या गोतावळ्यातली. अमेरिकेत या पंथांवर बातम्या आणि माहितीपट येतात, तिथल्या स्त्रियांच्या हालांच्या कहाण्या येतात. त्या चळवळीच्या सुरुवातीच्या काळात जो पैसा आला, त्यातला बराचसा हेडफोनचा होता. संशोधक भोळा बिचारा होता म्हणून ही बाजू झाकायचं कारण नाही.

व्यवहारात मात्र तो खरंच कच्चा होता. धर्मबंधू म्हणून आलेल्या प्रत्येकाच्या योजनेत पैसे घालत गेला. १९२४ मध्ये दिवाळं निघालं आणि कारखाना हातातून गेला. सगळा दोष दानशूरपणाला देऊनही चालणार नाही. त्याच काळात व्हॉल्व्हचे रेडिओ आणि त्यांचे लाउडस्पीकर घरात शिरत होते. सगळं कुटुंब एकत्र ऐकू शकत असेल तर डोक्याला डबी लावून एकटं कोण बसणार? हेडफोनचा बाजारच ओसरत होता.

बाल्डविननं पुन्हा उभं राहायचा प्रयत्न केला. नव्या कंपन्या, नवे भागीदार, टपालानं शेअर विक्री. त्या विक्रीत लोकांची दिशाभूल झाल्याचं प्रकरण कोर्टात गेलं. १९३० मध्ये टपालाचा वापर करून फसवणूक केल्याच्या गुन्ह्यात तो दोषी ठरला. मॅकनील बेटावरच्या तुरुंगात त्यानं सुमारे दोन वर्षं काढली. वय पन्नाशीच्या पुढे.

सुटल्यावर नावाजण्यासारखं काही हातून घडलं नाही. १९६१ मध्ये तो गेला तेव्हा गाठीशी पैसा नव्हता. त्याच्या तीनच वर्षं आधी, १९५८ मध्ये, मिलवॉकीच्या जॉन कॉसनं गाणी ऐकण्यासाठी स्टिरिओ हेडफोन बाजारात आणले होते आणि ही वस्तू परत लोकांच्या डोक्यावर चढत होती. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला आणि त्याचा पिसासारखा हलका हेडफोन कॉलेजच्या पोरांच्या गळ्यात लटकायला लागला.

या नव्या हेडफोनमध्ये बाल्डविनचं यंत्र नव्हतं. त्यात लाउडस्पीकरसारखी हलणारी तारेची गुंडाळी असते, साध्या इअरफोनमध्येही तीच. मधल्या काळात त्याची तराजूची युक्ती वेगळ्याच ठिकाणी टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन युद्धनौकांवर असे फोन होते की ज्यांना वीजच लागायची नाही, बोलणाऱ्याच्या आवाजातल्या ऊर्जेवर चालायचे. जहाजावर तोफगोळा पडून वीज गेली तरी बोलणं चालू. त्यातही तीच मध्ये तोललेली पट्टी. पुढे ती तांदळाच्या दाण्याहून थोड्याच मोठ्या डबीत बसवता येऊ लागली आणि ऐकू कमी येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रात गेली.

तिथून ती परत गाण्यात आली. स्टेजवर गाणाऱ्यांच्या कानात खोलवर बसवलेलं, कानाच्या साच्याप्रमाणे घडवलेलं जे यंत्र दिसतं, त्यातल्या अनेकांमध्ये बॅलन्स्ड आर्मेचर नावाचे एक किंवा अनेक सूक्ष्म स्पीकर असतात. महागड्या इन-इअर फोनच्या डब्यावरही हे नाव मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. पुढच्या वेळी खरेदी करताना बघा. आर्मेचर म्हणजे ती लोखंडी पट्टी आणि बॅलन्स्ड म्हणजे दोन्ही बाजूंनी तोललेली.

ईस्ट मिल क्रीकमधली कारखान्याची इमारत अजून उभी आहे. अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत तिची नोंद आहे, आणि आत आता चित्रकार-शिल्पकारांचे स्टुडिओ आहेत.