गाडीचा आवाज वाढला म्हणजे पॉवर वाढली? व्हिक एडेलब्रॉक कानावर विश्वास ठेवत नव्हता

गाडीला बाहेरून आणलेला एअर इनटेक बसवला की पहिला फरक कानाला कळतो. अॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून हवा ओढल्याचा घुमणारा आवाज येतो आणि मालकाला वाटतं, गाडी पळायला लागली. खरंच पळते का, हे कुणी मोजत बसत नाही.

इंजिनाला जास्त हवा देणारे पार्ट बनवून विकायचा धंदा ज्यांनी उभा केला, त्यातलं मोठं नाव व्हिक एडेलब्रॉक. तो मात्र मोजत बसायचा.

१९१३ साली अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये त्याचा जन्म झाला. घरचं किराणा दुकान १९२७ मध्ये जळालं आणि १४ वर्षांच्या व्हिकची शाळा सुटली. विचिटा शहरातून फोर्डच्या मॉडेल टी गाड्या खेड्यापाड्यात पोहोचवायचं काम मिळालं. रस्ते असे की गाडी वाटेतच बंद पडायची, मग हाच उतरून दुरुस्त करायचा. मेकॅनिकी शिकला ती अशी.

१९३१ मध्ये तो कॅलिफोर्नियात भावाकडे आला. लग्न झालं, आधी भागीदारीत आणि मग लॉस एंजेलिसमध्ये स्वतःचं गॅरेज टाकलं. १९३८ मध्ये त्यानं १९३२ सालची फोर्ड रोडस्टर घेतली. आपला विषय इथून सुरू होतो.

त्या फोर्डच्या व्ही-८ इंजिनाला सिलिंडर आठ, पण कार्बुरेटर एकच. इंजिनात पेट्रोल जास्त ओतणं सोपं असतं, ते जाळायला पुरेशी हवा आणणं अवघड. एकाच अरुंद तोंडातून आठ जण श्वास घेतायत म्हटल्यावर ते धापा टाकणारच.

व्हिकनं आधी टॉमी थिकस्टन या दुसऱ्या कारागिराबरोबर एक मॅनिफोल्ड केला. मॅनिफोल्ड म्हणजे हवा-पेट्रोलचं मिश्रण सिलिंडरांना वाटून देणारा नळ्यांचा जोड. तो काही त्याच्या मनासारखा झाला नाही. मग त्यानं स्वतः बनवला, त्याचं नाव स्लिंगशॉट. दोन कार्बुरेटर, आणि प्रत्येकाकडे चारच सिलिंडर, तेही आलटून-पालटून श्वास घेणारे, म्हणजे एकाची ओढ दुसऱ्याच्या आड येत नाही. असे शंभर नग त्यानं बनवले.

जाहिरात काय केली? गाडी स्वतः चालवत वाळवंटातल्या कोरड्या तळ्यांवर न्यायची, मडगार्ड काढायचे, घड्याळ लावून पळवायची आणि परत घरी. नोव्हेंबर १९४१ मध्ये रोझमंडच्या तळ्यावर त्यानं ताशी १२१ मैल, म्हणजे साधारण १९५ किलोमीटर गाठले. तीनच आठवड्यांत पर्ल हार्बर झालं आणि रेसिंग थांबलं.

युद्धानंतर, १९४६ मध्ये, त्याचा पहिला कॅटलॉग निघाला. पण मला त्याची सगळ्यात भारी खरेदी वाटते ती डायनो. इंजिन चालवून त्याची ताकद मोजणारं हे मशीन गॅरेजवाल्याकडे असणं तेव्हा मोठी गोष्ट होती. पार्ट डायनोवर चालवायचा, आकडा बघायचा.

आजच्या इनटेकलाही हीच कसोटी लागते. कंपनीच्या एअरबॉक्समध्ये आवाज दाबायला मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात. उघडा फिल्टर लावला की तो आवाज मोकळा होतो, बस्स. उलट फिल्टर बॉनेटखालची गरम हवा ओढत असेल, तर ती विरळ असल्यानं पॉवर कमीही होऊ शकते. साध्या गाडीत मूळ फिल्टर आधीच पुरेशी हवा देत असेल, तर फरक जाणवतो तो कानालाच.

व्हिकनं तर हवेचा प्रश्न इंधनाकडूनही सोडवला. नायट्रोमिथेनमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेत जास्त इंधन जळतं. हे वापरून १९५० मध्ये त्याच्या छोट्या फोर्ड व्ही-८ च्या मिजेट रेसकारनं गिलमोर स्टेडियमवर ऑफनहाउझर इंजिनांना हरवलं. तिथं तेव्हा त्याच इंजिनांचं राज्य होतं. गाडी रॉजर वॉर्ड चालवत होता.

१९६२ मध्ये कॅन्सरनं व्हिक गेला, वय ४९. गॅरेजमधून उभी राहिलेली कंपनी २६ वर्षांच्या मुलाकडे आली. त्याचंही नाव व्हिकच.