प्रतिसरकारची न्यायमंडळं : क्रांतिसिंह नाना पाटलांच्या राज्यात तंटे कसे मिटायचे?

वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा, कराड, खटाव. या तालुक्यांतल्या कुठल्याही गावात जुन्या जाणत्यांजवळ विषय काढला की प्रतिसरकारची आठवण निघतेच. रेल्वे अडवली, खजिना लुटला, पोलिसांना चकवलं, या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. पण गावातल्या साध्या माणसाला या सरकारचा खरा अनुभव आला तो बांधाच्या भांडणात, सावकाराच्या गहाणखतात आणि नवऱ्यानं टाकलेल्या बाईच्या तक्रारीत. कोर्टाची पायरी न चढता गावातच न्याय मिळू लागला. त्या न्यायानं अनेकांची घरं सावरली, तसंच काहींच्या तळपायांवर काठ्याही बसल्या. क्रांतिसिंह नाना पाटील यांचं आयुष्य पाहताना या दोन्ही बाजू पाहाव्या लागतात.

तलाठी ते चळवळ

नाना रामचंद्र पाटील यांचा जन्म ३ ऑगस्ट १९०० चा. गाव वाळवा तालुक्यातलं येडे मच्छिंद्र. आडनाव मूळचं पिसाळ, पण लोकांनी ओळखलं ते नाना पाटील म्हणूनच. घर शेतकऱ्याचं, वारकरी वळणाचं. अंगापिंडानं धिप्पाड, आवाज खणखणीत. शिक्षण फार झालं नाही, तरी त्यांना तलाठ्याची नोकरी लागली.

ही नोकरी पुढं फार उपयोगी पडली. तलाठ्याच्या दप्तरात गावाची सगळी कुंडली असते. कुणाची जमीन कुणाकडं गहाण आहे, कुणाच्या नावावर काय चढलं, सारा कुणाचा थकला, बांध कुणी कोरला, हे सगळं त्याला ठाऊक असतं. कागदावर एक आणि रानात दुसरंच, हा प्रकारही तोच रोज बघतो. शेतकरी कर्जात कसा बुडतो आणि कोर्टकचेरीत त्याची उरलीसुरली जमीन कशी जाते, हे समजायला नानांना पुस्तक वाचावं लागलं नाही.

त्याच काळात सातारा जिल्ह्यात सत्यशोधक चळवळीचा जोर होता. भट, सावकार आणि सरकारी अंमलदार यांच्याविरुद्ध जलशांमधून गावोगाव बोललं जात होतं. नानांवर तो संस्कार झाला. १९३० मध्ये कायदेभंगाची चळवळ सुरू झाली आणि त्यांनी तलाठ्याची नोकरी सोडली. नंतरच्या बारा वर्षांत त्यांना अनेकदा तुरुंगवास झाला. सुटले की पुन्हा गावोगाव सभा. बोलणं रानातल्या माणसाचं, दाखले नांगर-बैलांचे, जात्या-चुलीचे. माणसं मैलोन्‌मैल चालत ऐकायला यायची.

१९४२ चा भडका

तेव्हाचा सातारा जिल्हा मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, शिराळा, खानापूर हे तालुकेही त्यातच होते. ऑगस्ट १९४२ मध्ये छोडो भारत चळवळ सुरू झाली आणि जिल्ह्यात तालुका कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. सप्टेंबरमध्ये वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला. परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण त्यात हुतात्मा झाले. इस्लामपुरातही गोळी चालली. निःशस्त्र मोर्चे काढून भागणार नाही, असं तरुण कार्यकर्त्यांना वाटू लागलं ते यानंतर.

नाना भूमिगत झाले. त्यांच्या मागावर पोलीस होते, घरादारावर जप्ती आली. त्यांची मुलगी हौसाताई स्वतः या लढ्यात उतरल्या. १९४३ मध्ये जिल्ह्यात प्रतिसरकार उभं राहिलं. नाना हे त्याचं सगळ्यांनी मानलेलं नेतृत्व. रोजचा कारभार मात्र जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर यांच्यासारख्या तरुणांच्या हाती होता. कुंडल हे मोठं केंद्र बनलं. कुंडल औंध संस्थानात होतं. इंग्रज हद्दीतल्या पोलिसांना तिथं मोकळं रान नव्हतं. शिवाय औंधच्या राजांनी १९३९ मध्येच गावपंचायतींना कारभाराचे आणि न्यायाचे अधिकार देऊ केले होते. गावानं स्वतःचा न्याय स्वतः करायचा, हा विचार या भागात अगदीच नवा नव्हता.

आधी बंदोबस्त, मग न्याय

प्रतिसरकारपुढं पहिला प्रश्न आला तो दरोडेखोरांचा. इंग्रज पोलीस चळवळ्यांच्या मागं लागले होते, त्यामुळं चोर-दरोडेखोरांना रान मोकळं झालं. काही टोळ्या तर चळवळीचं नाव सांगून लोकांना लुटू लागल्या. हे थांबवलं नाही तर गावं चळवळीच्या विरोधात जातील, हे कार्यकर्त्यांनी ओळखलं. टोळ्यांचा बंदोबस्त झाला, तसा लोकांचा विश्वास बसला. तुफान सेनेची तरुण मुलं गावाची राखण करू लागली.

यातूनच न्यायमंडळं पुढं आली. ज्यानं चोर धरला त्याच्याकडंच लोक बांधाचं भांडण घेऊन येऊ लागले. मग गावातून पंच निवडायचे, गावांचे गट करायचे, मोठा तंटा असेल तर गटापुढं न्यायचा, अशी पद्धत बसत गेली. सुनावणी एखाद्या वस्तीवर, देवळात नाहीतर झाडाखाली व्हायची. दोन्ही बाजूंना समोरासमोर बोलवायचं, साक्षीदारांना विचारायचं आणि शक्य तर तडजोड करायची. स्टँप नाही, वकील नाही, फी नाही.

लोकांना काय मिळालं?

सरकारी कोर्टात दिवाणी दावा म्हणजे तालुक्याला हेलपाटे. तारखेमागून तारीख, वकिलाची फी, कारकुनाचं चहापाणी. दावा जिंकेपर्यंत वादातल्या जमिनीपेक्षा खर्च जास्त व्हायचा. कागद सावकाराच्या बाजूनं असायचा आणि शेतकऱ्याचा अंगठा त्यावर असायचा. न्यायमंडळात कागदाबरोबर गावाची माहितीही विचारात घेतली जायची. मुद्दल किती, व्याज किती वेळा फेडलं, जमीन कोण कसतं, हे पंचांना आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना माहीत असायचं. खोटं बोलणं अवघड होतं, कारण ऐकणारं गाव सगळं ओळखून असायचं.

सावकारांकडून गहाण जमिनी सोडवल्या गेल्या. भाऊबंदकीचे वाद मिटले. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या तक्रारी ऐकल्या गेल्या. त्या काळी अशा बाईला कोर्ट तर लांबच, चावडीवरही कुणी उभं करत नव्हतं. न्यायासोबत सुधारणाही आल्या. दारूबंदी, ग्रामसफाई, वाचनालयं आणि कमी खर्चात होणारी गांधी लग्नं. लग्नापायी कर्ज आणि कर्जापायी जमीन, ही साखळी तोडली तर तंटेच कमी होतील, असा त्यामागचा हिशेब होता. नाना स्वतः सभांमधून हेच समजावत.

आणि निकाल लगेच अमलात यायचा. कोर्टाचा हुकूमनामा हातात घेऊन वर्षानुवर्षं बसणाऱ्या माणसाला ही गोष्ट केवढी मोठी वाटली असेल, हे आजही तालुका कोर्टाच्या आवारात बसलेला कुणीही सांगेल.

दुसरी बाजू

पण निकाल लगेच अमलात का यायचा? कारण त्यामागं धाक होता. प्रतिसरकारला लोक पत्री सरकार म्हणू लागले, ते याच धाकामुळं. बैलाच्या खुराला पत्री ठोकतात तशी हे लोक माणसाच्या पायाला ठोकतात, अशी वदंता पसरली. प्रत्यक्षात तळपायावर काठीनं मारण्याची शिक्षा दिली जायची. गुंड, खबरे, बायाबापड्यांना छळणारे यांना ती बसली, तेव्हा गावानं समाधानच मानलं. तरीही शिक्षा शरीराला होती आणि ती देणाऱ्याला वर जाब विचारणारं कुणी नव्हतं.

न्यायमंडळाचा खरा कच्चा दुवा इथंच होता. पंच चुकला तर काय? एखाद्याला खबऱ्या ठरवलं आणि तो खबऱ्या नसला तर? गावात जुनी वैरं असतात. भावकीतला दावा, जातीचा आकस, बांधाचा राग, हे सगळं साक्षीच्या रूपानं पंचांपुढं येऊ शकतं. सगळं गाव ओळखीचं असणं हा जसा फायदा, तसाच तो धोकाही. गावात ज्याच्यामागं माणसं नाहीत, त्याची बाजू मांडणार कोण? बाईची तक्रार ऐकली जायची, पण ऐकणारे पंच बहुतेक पुरुषच असायचे. सगळं भूमिगत, त्यामुळं लेखी कागद ठेवणं जोखमीचं आणि निकालावर नंतर दाद मागणं त्याहून अवघड.

ही व्यवस्था टिकली ती त्यातल्या माणसांच्या सचोटीवर. नाना, बापू, अण्णा यांनी स्वतःसाठी काही घेतलं नाही, हे लोकांना दिसत होतं. १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे लुटली गेली, १९४४ मध्ये खानदेशात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. तो पैसा चळवळीसाठी वापरला जातोय, यावर लोकांचा विश्वास होता. त्याच विश्वासावर न्यायमंडळाचा निकाल मानला जायचा. पण चांगल्या माणसावर उभी असलेली व्यवस्था वाईट माणसाच्या हाती गेली, तर तीच काठी जुलमाची होते. कायद्यानं बांधलेलं कोर्ट कितीही संथ असलं तरी तिथं वरच्या कोर्टात जायची वाट असते. न्यायमंडळात निकाल झटपट लागायचा, पण ही वाट नव्हती.

स्वातंत्र्यानंतर

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली गेली आणि नाना लोकांपुढं उघड आले. कराडला त्यांना पाहायला मोठी गर्दी लोटली. प्रतिसरकारचं काम संपलं. न्यायमंडळंही मिटली आणि तंटे पुन्हा तालुक्याच्या कोर्टात गेले.

नानांनी सत्तेची वाट धरली नाही. शेतकऱ्याचं राज्य आलं नाही, असं त्यांना वाटत होतं. ते शेतकरी कामगार पक्षात गेले, पुढं कम्युनिस्ट पक्षात. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी राज्य पिंजून काढलं. १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. एकेकाळी समांतर न्याय चालवणारा माणूस आता कायदे करणाऱ्या सभागृहात बसला होता. राहणी तीच, धोतर-सदऱ्याची. ६ डिसेंबर १९७६ रोजी त्यांचं निधन झालं.

आज काय उरलं?

त्यानंतर गावातले तंटे गावाजवळ मिटवण्याचे अनेक प्रयत्न सरकारनं केले. १९८७ च्या कायद्यानं लोकअदालतीला आधार मिळाला. तिथं तडजोड झाली की तिला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकीच किंमत असते, भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि अपील नसतं. पण ती दोन्ही बाजूंच्या संमतीनंच होते. तडजोड नको असेल तर दावा पुन्हा कोर्टात जातो, आणि तडजोडीला कायद्यानं मुभा नसलेले गुन्हे तिथं मिटवता येत नाहीत. १५ ऑगस्ट २००७ पासून महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. दुसरीकडं जातपंचायतींनी माणसं वाळीत टाकल्याचे प्रकार इतके पुढं आले, की राज्याला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. पंच तिथंही बसतात, निकाल तिथंही झटपट लागतो. फरक इतकाच की तिथं संमती विचारली जात नाही आणि नकार देणाऱ्याला गावात राहणं मुश्कील होतं.

तंटामुक्त समितीत बसणाऱ्यानं नाना पाटलांच्या काळाकडून दोन गोष्टी घ्याव्यात. न्याय गरिबाच्या दाराशी, त्याच्या भाषेत आणि फुकट मिळू शकतो, हे या तालुक्यांनी ऐंशी वर्षांपूर्वी करून दाखवलं. आणि पंच कितीही सच्चा असला तरी हरलेल्या माणसाला दाद मागायची एक वाट मोकळी ठेवावी लागते. त्या वेळी इंग्रजांचं राज्य होतं, वाट ठेवणं शक्य नव्हतं. आज ती आहे. समितीपुढं आलेल्या माणसाला मिटवून घे असं सांगताना, मिटवायचं नसेल तर कोर्टात जाण्याचा हक्क तुझा आहे, हेही त्याला सांगितलं पाहिजे.