तिमाही तक्ता मागणारा राजा

२६ जून आली की राजर्षी छत्रपती शाहू महाराजांच्या प्रतिमेला हार पडतात आणि व्यासपीठावरून घोड्यांच्या चंदीची ती गोष्ट सांगितली जाते. दांडगे घोडे सगळी चंदी खातात, म्हणून दुबळ्या घोड्याला वेगळी घालावी लागते. गोष्ट चांगली आहे. पण त्या गोष्टीखाली महाराजांचे खरे काम झाकले गेले, असे आम्हाला राहून राहून वाटते. ते काम कागदावरचे होते. खुर्चीवर कोण बसतो, त्याला कोण बसवतो आणि त्याचा हिशेब कोण मागतो, हे पाहण्याचे ते काम.

कागलच्या घाटगे घराण्यात २६ जून १८७४ रोजी जन्मलेले यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोटला आणि धारवाडला त्यांचे शिक्षण झाले. २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभार हाती आला तेव्हा त्यांना वीस वर्षेही पुरी झाली नव्हती. दरबारात त्यांनी काय पाहिले? राज्याच्या सर्वसाधारण प्रशासनात ७१ अधिकारी, त्यांत ६० ब्राह्मण! राज्य छत्रपतींचे, रयत बहुजनांची आणि कारभार एका जातीचा.

असे करा म्हणून कोणी फर्मान काढले नव्हते. कचेरीतला वरचा माणूस खालचा माणूस निवडत होता. जागा रिकामी झाल्याची बातमी आधी त्याच्या घरात पोहोचायची, मग भाचा, मेहुणा नाहीतर ओळखीचा मुलगा बिनपगारी उमेदवारीला लागायचा आणि पुढे तोच अनुभवी म्हणून कायम व्हायचा. या साखळीला गुणवत्ता म्हणण्याची चाल आजही आपल्या कानावर येते.

महाराजांनी सुरुवात नेमणुकीनेच केली. एम. ए., एलएल. बी. झालेल्या भास्करराव जाधवांना १८९५ मध्ये बोलावून त्यांनी असिस्टंट सरसुभे केले. पण असे शिकलेले बहुजन किती मिळणार? लायक माणूस मिळत नाही, असा शेरा मारून महाराजांना ती जागा जुन्याच घरात देता आली असती. त्यांनी वसतिगृहे काढली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी, १९०६ मध्ये मुसलमानांसाठी, १९०८ मध्ये मिस क्लार्क यांच्या नावाने अस्पृश्य मुलांसाठी. पुढे १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले. लायक माणूस तयार करणे हेही सरकारचेच काम आहे, हे त्यांना कळले होते.

मधल्या काळात वेदोक्ताचे प्रकरण पेटले होते. छत्रपतींनाच शूद्र ठरवून पुराणोक्त मंत्र म्हणणारा भट आणि त्याची बाजू घेणारा पुण्याचा 'केसरी' हा इतिहास वाचकांना पाठ आहे. तो आम्ही पुन्हा सांगत नाही.

२६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटमध्ये तो हुकूम निघाला. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेत होते. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भरायच्या, एवढे सर्वांना ठाऊक असते. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व. पण हुकूम तेवढ्यावर थांबत नाही. ज्या कचेरीत या वर्गांचे प्रमाण निम्म्याहून कमी आहे, तिथली पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी, असे त्यात आहे. आणि प्रत्येक खातेप्रमुखाने हुकुमानंतर केलेल्या सर्व नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सरकारला सादर करावा, असेही आहे.

आमच्या मते या हुकुमाचा कणा हा तक्ता आहे. टक्के लिहून ठेवणे सोपे असते. नेमणारा हात जुनाच असतो आणि त्या हाताला वरून कोणी विचारणारा नसेल तर टक्के कागदावर वाळतात. आज बिंदुनामावली आहे, मागासवर्ग कक्ष आहे, तरी अनुशेष हा शब्द आमच्या पिढ्यांना तोंडपाठ झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रात सहसचिव, संचालक, उपसचिव अशा ४५ पदांवर बाहेरून थेट माणसे घेण्याची जाहिरात निघाली, तिच्यात आरक्षणाचा पत्ता नव्हता. ओरड झाली, तेव्हा ती काही दिवसांत मागे घेतली गेली. कोल्हापुरात मात्र तक्ता मागितला जात होता. १९१२ साली अधिकाऱ्यांच्या ९५ जागांत ब्राह्मण ३५ उरले होते.

एक गोष्ट मात्र आपण लपवू नये. या हुकुमात अस्पृश्यांसाठी वेगळा वाटा नव्हता. ज्याला शाळेच्या पायरीवर उभे करत नव्हते, तो कचेरीत कुठून पोहोचणार? ही उणीव महाराजांनी शेवटच्या पाच वर्षांत भरून काढायला घेतली. १९१८ मध्ये कुलकर्णी वतने गेली, त्यांच्या जागी पगारी तलाठी आले आणि त्यांत अस्पृश्य तरुणही घेतले गेले. काहींना वकिलीच्या सनदा मिळाल्या.

नेमणूक झाली तरी माणूस कचेरीत टिकतो का? १९१७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबून फाईल फेकत होते. राहायला घर मिळाले नाही, नोकरी सोडावी लागली. सयाजीराव महाराजांनी पद दिले होते, कचेरीने माणूस म्हणून जागा दिली नाही. यानंतर दोनच वर्षांनी, १९१९ च्या सुमारास, शाहू महाराजांनी बजावले की नोकरीत आलेल्या अस्पृश्यांना ममतेने व बरोबरीने वागवावे. हे ज्या अधिकाऱ्याला रुचत नसेल त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही. पेन्शनला हात लागल्यावर धर्मशास्त्र गप्प बसते!

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत महाराजांनी बाबासाहेबांना अस्पृश्यांचा पुढारी म्हणून जाहीरपणे पुढे केले. ६ मे १९२२ रोजी मुंबईत, वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बाबासाहेब तेव्हा शिक्षणासाठी परदेशात होते. पुढे २१ वर्षांनी, १९४३ मध्ये, ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्यात आल्या.