आचार्य धर्मानंद कोसंबी : सांकवाळच्या माडांतून निघालेली वाट

पेडणे महालात विर्नोडा येथील शासकीय महाविद्यालयास संत सोहिरोबानाथ आंबिये यांचे नाव देण्यात आले आहे. बांद्याचे हे सत्पुरुष अठराव्या शतकातले. कुलकर्णीपणाचे दप्तर बाजूस ठेवून त्यांनी नाथपंथाचा मार्ग धरिला, ही कथा पेडणे व डिचोली भागातील भाविकांना लहानपणापासून ठाऊक असते. आज आम्हांस त्याच गोमंतभूमीतील, परंतु आपल्या काळाच्या अधिक जवळ असलेल्या दुसऱ्या एका पुरुषाचे चरित्र सांगावयाचे आहे.

त्यास एक कारणही आहे. डिचोली तालुक्यातील कित्येक कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत उद्योग बुडण्याचे दुःख जवळून पाहिले. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी थांबल्या, तेव्हा कर्ज काढून घेतलेले ट्रक दारात उभे राहिले, आणि गॅरेजवाल्यांपासून चहाच्या गाड्यांपर्यंत सर्वांचेच हात रिकामे झाले. पुढे काही ठिकाणी काम सुरू झाले. परंतु मधल्या काळात मोडलेला धीर खाण सुरू होताच परत येतो असे नाही. पैसा गेल्याचे दुःख माणूस सहन करतो. आपण कशालाच उपयोगी नाही, ही भावना मात्र त्यास आतून पोखरते. आचार्य धर्मानंद कोसंबी यांच्या आयुष्याची पहिली तेवीस वर्षे याच भावनेत गेली. म्हणून त्यांची आठवण.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी सांकवाळ या गावी झाला. जुवारी नदीच्या काठचा हा गाव आमच्या वाचकांना वेगळ्या कारणाने परिचित असेल. येथील श्रीलक्ष्मीनृसिंहाची मूर्ती पोर्तुगीजांच्या छळामुळे भक्तांनी सोळाव्या शतकात नदीपार वेलिंग येथे नेली. देव गावाबाहेर गेले, माणसे मागे राहिली, आणि पुढे कित्येक पिढ्या ती माडांच्या आधाराने जगली. कोसंबी घराणेही त्यांपैकीच. नारळीची बाग हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते.

मुलगा प्रकृतीने अशक्त होता. गावची मराठी शाळा कधी चाले, कधी बंद पडे. त्यामुळे शिक्षण जेमतेम लिहिण्यावाचण्यापुरते झाले. पोर्तुगीज शिकून सरकारी नोकरीत जावे, तर तेही घडले नाही. पंधराव्या वर्षाच्या सुमारास चिखलीच्या लाड घराण्यातील बाळाबाईंशी विवाह झाला, आणि बागेची देखरेख, गड्यांचा हिशेब, घरातील देणी यांत दिवस जाऊ लागले. माडाचे उत्पन्न म्हणजे काय हे गोमंतकीयांस सांगावयास नको. पाडेली वेळेवर मिळाला नाही, माडास कीड लागली किंवा नारळाचा भाव पडला की वर्षाचे गणित चुकते. अशा व्यवसायास लागणारी चिकाटी या तरुणात होती. आवड मात्र नव्हती. त्यातच आजारपण पाठ सोडीना. समवयस्क लोक मुंबईस जाऊन नोकऱ्या धरीत होते, आणि हा मात्र घरी बसून आपले काही होणार नाही असे मनाशी म्हणत होता. पुढे १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी ही निराशा कोणतीही सारवासारव न करता लिहून ठेविली आहे. मराठीतील मोजक्या प्रांजळ आत्मकथांमध्ये आम्ही या ग्रंथाची गणना करितो.

या काळात त्यांस आधार होता तो पुस्तकांचा. तुकोबांच्या चरित्राने त्यांच्या मनास धीर दिला, यात नवल नाही. दुष्काळात दुकान बुडालेल्या, घरात मृत्यू पाहिलेल्या देहूच्या त्या वाण्याहून अधिक जवळचा सोबती अशा तरुणास कोण मिळावा? परंतु आयुष्याचे वळण आले ते दुसऱ्याच वाचनाने. १८९७ साली ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकातील गौतम बुद्धाचे छोटेसे चरित्र त्यांच्या हाती पडले. मासिक ख्रिस्ती मिशनचे, चरित्र एका राजपुत्राचे, आणि वाचणारा सांकवाळच्या हिंदू घरातील. योग कसे जुळून येतात ते पाहावे! त्या काही पानांनी या तरुणास असे पकडले की बुद्धाचे खरे शिक्षण काय होते ते मुळातून जाणून घ्यावयाचे, हा एकच ध्यास मनास लागला.

ध्यास लागणे एक आणि तो पार पाडणे दुसरे. संस्कृत येत नव्हते. पाली नावाची भाषा कोठे शिकवितात हेही माहीत नव्हते. हाती पैसा नव्हता. १८९८ साली वडील वारले. १८९९ च्या अखेरीस, घरात तान्ही मुलगी असताना, त्यांनी सांकवाळ सोडून पुणे गाठिले.

येथे आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. अशा गृहत्यागाचे कौतुक करणे सोपे असते. विशेषतः जो मागे राहिला नाही त्याने. बाळाबाईंचे वय तेव्हा लहान होते. पदरी मूल, सासरे नुकतेच गेलेले, आणि पती परत येईल की नाही याची शाश्वती नाही. ही किंमत धर्मानंदांनी एकट्याने दिलेली नाही, आणि त्यांचे चरित्र सांगताना ती झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट झाली. तेथून ग्वाल्हेर, आणि ग्वाल्हेरहून काशी. काशीत अन्नछत्रात जेवावयाचे आणि उरलेला दिवस संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासात घालवावयाचा, असा क्रम चालला. घरच्या बागेतील नारळांचा हिशेब पाहणारा मनुष्य अन्नछत्राच्या पंगतीत पानाची वाट पाहत बसला होता. लौकिक दृष्टीने ही अधोगतीच. परंतु आयुष्यात प्रथमच सकाळी उठल्यावर काय करावयाचे हे त्यास ठाऊक होते.

१९०२ साली ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या बाजूस तरी धर्म जिवंत असेल, ही आशा. कष्टाचा प्रवास करून पाहिले ते वेगळेच. तेथील बौद्ध आचाराचे रूप पाहून त्यांची घोर निराशा झाली. ज्यासाठी घर सोडले ते तेथे नव्हते. सांकवाळला परत जाण्यास यापेक्षा चांगले निमित्त मिळाले नसते. पण ते परतले नाहीत. बुद्धगयेस गेले, तेथून कलकत्ता, मद्रास, आणि शेवटी सिंहलद्वीप. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांच्या चरणी बसून त्यांस अखेर पाली मिळाली. तेथेच त्यांनी श्रामणेराची दीक्षा घेतली.

सिंहलचे अन्न प्रकृतीस मानवेना, म्हणून पुढे ब्रह्मदेश. तेथील विहारांत अध्ययनाबरोबर ध्यानाचा अभ्यास झाला. ‘निवेदना’चा हा भाग ज्यांनी वाचला आहे त्यांस जाणवले असेल की लेखणीचा स्वरच येथे बदलतो. राहावयास साधी कुटी, दिवसातून एकदाच अन्न, आणि तरीही वाक्यावाक्यांत प्रसन्नता. प्रकृती काही एकाएकी सुधारली नव्हती, घरची चिंताही संपली नव्हती. परंतु मन एका जागी स्थिर झाले होते.

१९०६ साली ते कलकत्त्यास आले आणि राष्ट्रीय महाविद्यालयात पाली शिकवू लागले. पुढे विद्यापीठातही शिकविले. ज्याची स्वतःची शाळा पुरी झाली नाही, तो विद्यापीठाचा अध्यापक झाला. त्याच वर्षी सुमारे सात वर्षांनंतर गोव्यास जाऊन त्यांनी संसाराचा तुटलेला धागा पुन्हा हाती घेतला. ३१ जुलै १९०७ रोजी पुत्र दामोदर जन्मला. हेच पुढील काळातील थोर गणिती व इतिहासकार दा. ध. कोसंबी.

आता बूड स्थिर झाले, असे कोणीही म्हटले असते. पण पाली विद्या महाराष्ट्रात न्यावयाची, हे मनात होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांस दरमहा ५० रुपये देऊ केले. राहावे महाराष्ट्रात कोठेही, आणि बडोद्यासाठी ग्रंथ लिहावेत, इतकीच अपेक्षा. धर्मानंदांनी कलकत्त्याचे स्थान सोडून हे पन्नास रुपये पत्करिले. व्यवहारी माणसास हा वेडेपणा वाटावा. पण ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ या त्यांच्या व्याख्यानांमुळे मराठी वाचकांस बुद्धचरित्र मुळाच्या आधाराने प्रथमच सोप्या भाषेत मिळाले, ते याच निर्णयाचे फळ.

१९१० साली प्राध्यापक वूड्स यांच्या आमंत्रणावरून ते अमेरिकेस हार्वर्ड विद्यापीठात गेले. काम होते बुद्धघोषाचार्यांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनाचे. हेन्री क्लार्क वॉरन या विद्वानाने ते आरंभिले होते. लहानपणी पाठीच्या कण्यास दुखापत होऊन आयुष्यभर शरीरव्यथा भोगणारा हा मनुष्य १८९९ साली काम अपुरे ठेवून निवर्तला. धर्मानंदांनी दोन वर्षे परिश्रम केले. परंतु श्रेयाच्या प्रश्नावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी मतभेद झाले, आणि १९१२ साली ते ग्रंथ छापून न होताच परतले. हे अपयश नेपाळपेक्षा कठीण होते असे आम्हांस वाटते. नेपाळात आशा भंगली होती, हार्वर्डमध्ये केलेले काम हातचे गेले.

परतल्यावर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन स्वीकारिले. १९१८ पर्यंतची ही वर्षे त्यांच्या आयुष्यातील फार फलदायी वर्षे होत. पु. वि. बापट, ना. के. भागवत, चिं. वि. राजवाडे यांसारखे शिष्य येथेच तयार झाले. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पालीस स्थान मिळाले, त्यामागेही भांडारकरांबरोबर त्यांचा प्रयत्न होता. महाराष्ट्रात पालीची परंपरा उभी राहिली ती या वर्गांतून.

पुढील प्रवासाची नुसती यादीही लांबेल. पुन्हा हार्वर्ड, महात्माजींचे गुजरात विद्यापीठ, १९२९ साली लेनिनग्राड. मुलगी माणिक, जिला तान्ही असताना सोडून ते निघाले होते, ती वडिलांबरोबर अमेरिकेस जाऊन पदवीधर झाली. बाळाबाईंच्या वाट्यास मात्र दीर्घ विरहाची वर्षे पुनःपुन्हा आली.

१९३० साली मीठ सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा त्रेपन्न वर्षांचे धर्मानंद ग्रंथ मिटून बाहेर पडले. शिरोडा येथील सत्याग्रहासाठी त्यांनी स्वयंसेवक जमविले आणि त्यापायी तुरुंगवास भोगिला. शिरोडे म्हणजे आमच्या पेडण्याच्या सीमेवर, तेरेखोल नदीपलीकडचे गाव. तेथील मिठागरांचे वारे केरीच्या किनाऱ्यावर लागते. १९३७ साली मुंबईत परळच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत त्यांनी बहुजन विहार सुरू केला. शहाण्या लोकांच्या सभेपेक्षा त्यांस ती वस्ती अधिक मोलाची वाटे.

उत्तरायुष्यात शरीर फार थकले. जैनांच्या पार्श्वनाथप्रणीत चातुर्याम धर्माचे त्यांनी मनन केले आणि १९४६ साली अन्नत्यागाचा संकल्प केला. महात्मा गांधींनी त्यांस परावृत्त केले. परंतु पुढे सेवाग्राम आश्रमात तोच मार्ग धरून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेविला. या शेवटच्या निर्णयाविषयी वाचकांचे मत आमच्यासारखेच संमिश्र असेल. आजारी, खचलेल्या माणसाने अनुकरण करावे अशी ही गोष्ट नव्हे. एका व्रती वृद्धाचा तो स्वतःपुरता निश्चय होता.

‘विसुद्धिमग्गा’चे काम त्यांनी मध्यंतरी सोडले नव्हते. १९४० साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने त्यांची देवनागरी आवृत्ती काढिली. हार्वर्डची आवृत्ती मात्र रेंगाळत राहिली. १९५० साली, धर्मानंदांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, ती हार्वर्ड प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाली. वॉरन यांनी ज्या वर्षी हे काम अपुरे सोडून डोळे मिटले, त्याच वर्षाच्या अखेरीस सांकवाळचा एक तरुण, पालीचे एक अक्षरही न जाणता, घराबाहेर पडला होता. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर आता दोघांचीही नावे आहेत.