सेंडा बेरेन्सन

लिथुआनियात १८६८ साली जन्मलेल्या सेंडा बेरेन्सन बालपणीच अमेरिकेत बोस्टन शहरी आल्या. पियानोवादनाची त्यांना मोठी आवड. परंतु पाठ इतकी दुबळी, की वाद्यापुढे फार वेळ बसवत नसे. प्रकृती सुधारावी म्हणून १८९० साली त्या व्यायामशिक्षणाच्या विद्यालयात गेल्या. आरंभी तेथील व्यायामाचा त्यांना तिटकाराच होता! हळूहळू मात्र अंगी बळ आले आणि १८९२ साली त्या स्मिथ महिला महाविद्यालयात व्यायामशिक्षिका झाल्या.

बास्केटबॉल तेव्हा नुकताच निघाला होता, तोही पुरुषांसाठी. धसमुसळेपणा टळावा म्हणून सेंडाबाईंनी मैदानाचे तीन भाग पाडले व चेंडू हिसकावण्यास मनाई केली. मार्च १८९३ मध्ये विद्यार्थिनींचा पहिला सामना झाला. पुरुष प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. आरंभीच एकीचा खांदा निखळला. तो जागेवर बसविण्यात आला, बदली खेळाडू उतरली आणि खेळ पुढे चालू झाला.